‘बिम’ : बार्बाडोसचं वाङ्मयीन नियतकालिक आणि कॉलीमोर मास्तर

उधाणवारा

बार्बाडोस म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. १९९७ साली १२० धावांचा पाठलाग करताना आपला संघ ८१ वर कोसळला तो ब्रिजटाउनला, आणि २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटीचा विश्वचषक उचलला तोही ब्रिजटाउनलाच. त्याच गावातून डिसेंबर १९४२ मध्ये एक छोटं नियतकालिक सुरू झालं. नाव ‘बिम’. बार्बाडोसच्या माणसाला लाडाने बिम म्हणतात, त्यावरून ठेवलेलं. इंग्रजीतलं कॅरिबियन साहित्य म्हणून आज आपल्या एम.ए.च्या वर्गांतही जे शिकवलं जातं, त्यातली फार मोठी माणसं ओळीने या अंकातून पुढे आलेली आहेत. वर्गात लॅमिंगच्या कादंबऱ्या आणि वॉलकॉटच्या कविता शिकवताना ‘बिम’चा उल्लेख तळटीपेत यायचा आणि मी पुढे जायचो. निवृत्तीनंतर जुने अंक हाताला लागले, तेव्हा कळलं की ही तळटीप नाही, ही मूळ गोष्ट आहे. ती नीट सांगावी म्हणून हा धागा.

आधी बेटाचा आवाका. क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा लहान. १९४६ च्या जनगणनेत लोकसंख्या दोन लाखांच्या आत. १६२७ पासून इंग्रजांच्या ताब्यात, आणि शेजारची बेटं फ्रेंच-इंग्रज-स्पॅनिश अशी हात बदलत असताना हे एकदाही दुसऱ्याकडे गेलं नाही. सगळीकडे ऊस, आणि उसासाठी आणलेले आफ्रिकन गुलाम. गुलामगिरी १८३४ ला कायद्याने संपली, पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. जुलै १९३७ मध्ये क्लेमंट पेन या कामगार पुढाऱ्याला हद्दपार केलं आणि ब्रिजटाउन पेटलं. गोळीबारात १४ माणसं गेली. त्यानंतर पाचच वर्षांनी ‘बिम’ निघालं. दुसरं महायुद्ध चालू होतं. ११ सप्टेंबर १९४२ ला एका जर्मन पाणबुडीने थेट ब्रिजटाउनच्या कार्लाइल उपसागरात घुसून ‘कॉर्नवॉलिस’ नावाचं मालवाहू जहाज टॉर्पेडोने फोडलं होतं. भर बंदरात, गावाच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर तीन महिन्यांत तिथल्या काही तरुणांना कथा-कवितांचा अंक काढावासा वाटला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हे तरुण ‘यंग मेन्स प्रोग्रेसिव्ह क्लब’चे सभासद. सुरुवातीचा संपादक ई. एल. कोझियर, सगळे त्याला जिमी म्हणत. रेडिओवर वेस्ट इंडीजची कॉमेंटरी ऐकत मोठे झालेल्यांनी इथे जरा थांबावं: समालोचक टोनी कोझियर हा या जिमीचा मुलगा.

पहिल्यापासून मदतीला होते फ्रँक कॉलीमोर, आणि थोड्याच काळात संपादनाचं काम त्यांच्याकडे आणि थेरॉल्ड बार्न्सकडे आलं. पुढे सहसंपादक बदलत गेले, कॉलीमोर मात्र १९७५ पर्यंत राहिले. जन्म १८९३ चा. कोंबरमिअर शाळेत शिकले आणि सतराव्या वर्षी, १९१० मध्ये, त्याच शाळेत मास्तर झाले. १९५८ ला रीतसर निवृत्त झाले, तरी त्यानंतरही शिकवत राहिले. गोरे, मध्यमवर्गीय, हौशी रंगभूमीवर गाजलेले नट. स्वतःच्या कविता गंभीरपणे लिहायला लागले ते पन्नाशीच्या आसपास. शिवाय चित्रकार. विचित्र, काल्पनिक प्राण्यांची त्यांची रेखाचित्रं ‘बिम’मध्ये यायची, आणि लोक त्यांना ‘कॉलीबीस्ट’ म्हणत. बार्बाडोसच्या बोलीतल्या शब्दांचा संग्रहही त्यांनी आधी अंकांतून क्रमशः दिला. तो १९५५ मध्ये पुस्तक म्हणून आला आणि आजही लोक तो चाळतात.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या संपादकपणाबद्दल. बेटावर साहित्य छापणारा प्रकाशक नव्हता. पुस्तक काढायचं तर पदरमोड करायची. अशा ठिकाणी हा माणूस आलेलं लेखन वाचायचा, लेखकाला उत्तर लिहायचा, प्रुफं तपासायचा, जाहिरातींसाठी व्यापाऱ्यांचे उंबरे झिजवायचा आणि अंक वर्गणीदारांपर्यंत पोचवायचा. दिवसा शाळा होतीच.

कॅरिंग्टन व्हिलेज या गरीब वस्तीतला जॉर्ज लॅमिंग नावाचा मुलगा शिष्यवृत्तीवर कोंबरमिअरला आला. इंग्लिश अभ्यासक्रमात त्याचं मन रमेना. कॉलीमोरांनी स्वतःच्या घरातलं ग्रंथालय त्याच्यासाठी उघडं केलं, वाच म्हणाले, आणि त्याच्या कविता ‘बिम’मध्ये छापल्या. १९४६ मध्ये हा मुलगा एकोणीस वर्षांचा, त्रिनिदादला शिकवायला गेला. तिथे तो ‘बिम’चा माणूस झाला. त्रिनिदादच्या लेखकांकडून लेखन गोळा करायचा आणि बार्बाडोसला पाठवायचा. ‘बिम’ एका बेटाचं नियतकालिक राहिलं नाही, त्याची सुरुवात इथे झाली. त्रिनिदादचा सॅम सेल्व्हन आला, ब्रिटिश गयानाचा एडगर मिटलहोल्झर आला. सेल्व्हनचे वडील मूळचे मद्रासकडचे. १९५० मध्ये लॅमिंग आणि सेल्व्हन एकाच जहाजातून इंग्लंडला गेले, आणि दोघेही तिथून ‘बिम’ला लिहीत राहिले.

आता सेंट लुशिया. १९४८ मध्ये अठरा वर्षांच्या डेरेक वॉलकॉटने स्वतःच्या पंचवीस कवितांचं पुस्तक त्रिनिदादच्या छापखान्यातून छापून घेतलं. पैसे आईने दिले, २०० डॉलर. शिवणकाम आणि शाळेतली नोकरी यावर मुलं वाढवणाऱ्या विधवा आईला ही रक्कम उभी करणं किती जड गेलं असेल! पोराने प्रती हातोहात विकून ते पैसे फेडले. त्यातली एक प्रत कॉलीमोरांकडे पोचली. छप्पन्न वर्षांच्या या मास्तराने १९४९ च्या ‘बिम’मध्ये वॉलकॉटच्या कवितेची ओळख करून देणारा सविस्तर लेख लिहिला. अनोळखी बेटावरचा, एकोणीस वर्षांचा, एकही मान्यताप्राप्त प्रकाशन नावावर नसलेला कवी, आणि त्याच्यावर पूर्ण लेख! त्याच वर्षी त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती बार्बाडोसमध्ये छापली गेली. १९९२ मध्ये वॉलकॉटला नोबेल मिळालं तेव्हा कॉलीमोरांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

आणि कमाऊ ब्राथवेट. जन्म ब्रिजटाउनचा, १९३०. त्यांच्या कविता ‘बिम’मध्ये १९५० पासून. ते केंब्रिजला गेले, मग घानाला गेले, तिथूनही पाठवत राहिले. जॅझ आणि वेस्ट इंडियन कादंबरी यांच्या नात्यावरचा त्यांचा लांबलचक निबंध १९६७-६८ मध्ये तीन अंकांतून आला. इंग्रजी छंदांच्या बाहेर पडून आपल्या लोकांच्या बोलण्यातला ताल साहित्यात कसा आणायचा, याचा विचार त्यात आहे. कॉलीमोरांची स्वतःची कविता जुन्या वळणाची. तरी स्वतःच्या चवीच्या पलीकडचं त्यांनी छापलं, आणि मला संपादक म्हणून त्यांचा मोठेपणा सगळ्यात जास्त इथे दिसतो.

एक राजकीय संदर्भ. ब्रिटिशांच्या दहा कॅरिबियन वसाहतींचं मिळून वेस्ट इंडीज फेडरेशन १९५८ मध्ये झालं आणि १९६२ मध्ये मोडलं. जमैका आणि त्रिनिदाद बाहेर पडले. जे काम सरकारांना चार वर्षांच्या वर रेटता आलं नाही, ते ‘बिम’ त्याच्या सोळा वर्षं आधीपासून करत होतं आणि नंतरही करत राहिलं. निरनिराळ्या बेटांवरच्या लोकांना एकमेकांचं लिहिलेलं वाचायला देणं, एवढंच ते काम. त्यातून ‘आपण वेस्ट इंडियन लेखक आहोत’ ही जाणीव तयार झाली असं माझं ठाम मत आहे.

तांडेल

उधाणवारा सर, सुंदर लेख. मर्चंट नेव्हीत असताना ब्रिजटाउनला आमचं जहाज लागायचं. गावाच्या मधोमध ‘करीनेज’ नावाची खाडीसारखी जागा आहे, जुनी शिडाची जहाजं तिथे दुरुस्तीला काढायचे. आता तिथे नौकाविहाराच्या बोटी असतात.

अंतरं बघा म्हणजे या नियतकालिकाचं मोल कळेल. नकाशावर ही बेटं शेजारी शेजारी वाटतात. ब्रिजटाउनहून सेंट लुशिया १८० किलोमीटरच्या आसपास, पोर्ट ऑफ स्पेन साडेतीनशेच्या जवळ, गयानाचं जॉर्जटाउन सातशेच्या वर. आणि जमैकातलं किंग्स्टन साधारण १९०० किलोमीटर! सगळं खुल्या समुद्रावरून. बार्बाडोस तर मुख्य बेटांच्या रांगेच्या बाहेर, पूर्वेला अटलांटिकमध्ये एकटंच आहे. शिडाच्या काळात पश्चिमेकडून वाऱ्याविरुद्ध तिथे पोचणं अवघड, म्हणूनच इतर देशांना ते घेता आलं नाही असं तिथले लोक सांगतात. अशा बेटावरून अंक सगळीकडे जायचा, ही फार मोठी गोष्ट आहे.

सुलक्षणा_पुणे

वाचनखूण साठवली. कोंबरमिअर शाळेचं नाव वाचून एकदम ट्यूब पेटली. क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल त्याच शाळेचा ना?

उधाणवारा

हो, वॉरेल कोंबरमिअरचाच. तो शाळेत होता तेव्हा कॉलीमोर तिथे शिकवत होते. नंतर वेगवान गोलंदाज वेस हॉलही त्याच शाळेचा. शिल्पकार कार्ल ब्रूडहेगन तिथे चित्रकला शिकवायचे. ब्रिजटाउनजवळ साखळ्या तोडणाऱ्या गुलामाचा जो प्रसिद्ध पुतळा आहे, १९८५ चा, तो त्यांचा. एका शाळेच्या शिक्षकखोलीत कॉलीमोर आणि ब्रूडहेगन एकत्र बसत असतील, तर त्या मुलांचं काय भाग्य!

गोविंदाग्रज_नव्हे

वॉरेलचा विषय निघाला म्हणून लिहितो. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. कवटीची शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला सर्वांत आधी पुढे आलेल्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार वॉरेल होता, बरोबर आपले उम्रीगर, नाडकर्णी, बोर्डे. बंगालमध्ये अजून वॉरेलच्या नावाने रक्तदान शिबिर भरतं. आमच्या घरी आजोबा ही गोष्ट सांगताना वॉरेलचा उल्लेख ‘वॉरेलसाहेब’ असाच करायचे. त्याच शाळेच्या हवेत हे नियतकालिकही वाढलं हे आज कळलं. धन्यवाद सर.

कामगारवस्ती

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक बाजू राहिली असं वाटतं. १९३७ चा गोळीबार तुम्ही सांगितलात आणि लगेच कवितेकडे वळलात. ‘बिम’ने त्या प्रश्नांना हात घातला का? त्याआधी त्याच बेटावर क्लेनेल विकम नावाचा पत्रकार ‘हेरल्ड’मधून मळेवाले आणि व्यापारी यांच्याविरुद्ध लिहीत होता. १९३० मध्ये एका व्यापाऱ्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला, विकम हरला, त्याच्या हातून पेपर गेला, तो ग्रेनेडाला निघून गेला आणि १९३८ मध्ये वारला. तेव्हा तो चाळिशीच्या आसपासचा होता. इतकी किंमत मोजलेल्या माणसाच्या गावात तो गेल्यावर चारच वर्षांत सभ्य लोकांचं, दुकानदारांच्या जाहिरातींवर चालणारं साहित्यिक नियतकालिक निघतं. त्यात राजकारण टाळलेलं असणार हे उघड आहे. त्रिनिदादचं ‘बीकन’ (१९३१-३३) बघा. तीनच वर्षं चाललं, पण चर्च, सरकार, सगळ्यांना अंगावर घेतलं.

उधाणवारा

कामगारवस्ती, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तुम्ही विकमचं नाव काढलंत याचा आनंद झाला. ‘बिम’ लढाऊ नव्हतं, हे मान्य. कॉलीमोर कुठल्याही गटाचे नव्हते, जाहीरनामा त्यांनी कधी काढला नाही. चांगलं लिहिलेलं ते छापायचं, एवढंच धोरण.

पण दोन गोष्टी बघा. लॅमिंगने १९५३ मध्ये पहिली कादंबरी लिहिली, तिच्यात १९३७ ची दंगल आहे, मळ्याच्या मालकाकडून जमीन विकली जाणं आहे, गाव उठवलं जाणं आहे. बार्बाडोसच्या वसाहतवादावर इतकं भेदक फार थोड्यांनी लिहिलं असेल. तो लेखक ज्या घराच्या पुस्तकांवर वाढला ते घर कॉलीमोरांचं होतं. दुसरं म्हणजे, त्याच क्लेनेल विकमचा मुलगा जॉन विकम. हवामान खात्यात नोकरी, उत्तम कथालेखक. आधी ‘बिम’मध्ये लिहायचा, मग सहसंपादक झाला, आणि कॉलीमोरांनंतर अंकाची धुरा त्यानेच वाहिली. बापाचा पेपर व्यापाऱ्यांनी बुडवला, आणि मुलाने व्यापाऱ्यांच्याच जाहिरातींवर नियतकालिक चालवलं. यात तडजोड बघणाऱ्याला तडजोड दिसेल. मला त्यात चिकाटी दिसते. ‘बीकन’ तीन वर्षांत संपलं. पुढच्या पिढीला हात द्यायला अंक जिवंत लागतो.

कामगारवस्ती

विकम बाप-लेकांचा दुवा माहीत नव्हता. जिवंत राहण्याचं मोल मीही मानतो, आमच्या युनियनचं मासिक तीन वेळा बंद पडताना बघितलंय. पण जिवंत राहण्यासाठी काय गाळलं गेलं हेही विचारत राहायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

उधाणवारा

बरोबर. ते विचारायलाच हवं.

मिसिसागाकर

टोरंटोजवळ राहतो. आमच्या ऑफिसात बार्बाडोसच्या एक बाई होत्या, त्यांच्याकडून ऑस्टिन क्लार्कचं नाव पहिल्यांदा ऐकलं. हा क्लार्कसुद्धा कोंबरमिअरचा. १९५५ मध्ये कॅनडात आला आणि २००२ मध्ये इथलं गिलर हे साहित्य-पारितोषिक मिळवलं. बाईंचं म्हणणं असं की आमच्याकडे कोणी लिहितो असं कळलं की लोक विचारत, कॉलीला दाखवलंस का?

एक प्रश्न. हे सगळे लेखक शेवटी लंडनला, टोरंटोला गेलेच ना? आणि त्यांना खरी ओळख बीबीसीने दिली असं वाचलंय. ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ नावाचा रेडिओ कार्यक्रम होता. मग श्रेय ‘बिम’ला कितपत द्यायचं?

उधाणवारा

फार चांगला प्रश्न. ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ १९४३ ते १९५८ चालला. लंडनहून आठवड्यातून एकदा, कॅरिबियन बेटांसाठी. जमैकाच्या उना मार्सन या कवयित्रीने तो सुरू केला, १९४६ पासून आयरिश निर्माता हेन्री स्वान्झी याने तो वाढवला, आणि १९५४ ते ५६ दरम्यान संपादक होता तरुण व्ही. एस. नायपॉल. बीबीसी मानधन द्यायची, आणि हे मोठं होतं. ‘बिम’ला ते परवडण्यासारखं नव्हतं.

पण स्वान्झीला लेखक मिळायचे कुठून? स्वान्झी आणि कॉलीमोर एकमेकांना पत्रं लिहायचे. ‘बिम’मधल्या कथा रेडिओवर वाचल्या जायच्या आणि रेडिओवर वाचलेल्या ‘बिम’मध्ये छापल्या जायच्या. तेव्हाचा विचार करा. रविवारी संध्याकाळी बेटावरचा एखादा मुलगा रेडिओला कान लावून बसलाय, लघुलहरींची खरखर, त्यात कोणीतरी त्याची कविता वाचतंय. दहा मिनिटांत ते हवेत विरलं. ज्याच्या घरी रेडिओ नाही त्याला कळलंही नाही. छापलेला अंक मात्र कपाटात राहतो, हातोहात फिरतो, दुसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्याला मिळतो. दोघांनी मिळून ते काम केलं. शिवाय लंडनला बसून निवडणारा लंडनच्याच कानाने ऐकतो. स्वान्झीला ‘स्थानिक रंग’ हवा असायचा. ब्रिजटाउनमधल्या संपादकाला तो रंग मुद्दाम मागावा लागत नव्हता, तो त्याच्या दाराबाहेरच होता.

आणि गेले खरं, सगळे गेले. बेटावर लेखक म्हणून पोट भरत नव्हतं. पण १९५५ मध्ये लॅमिंगनेच ‘बिम’मध्ये लिहून ठेवलंय की आज बाहेर नाव झालेले जवळजवळ सगळे वेस्ट इंडियन लेखक आधी याच व्यासपीठावरून वाचकांसमोर आले. गेलेला माणूस हे म्हणतो याला वजन आहे.

चाफेकळी

सर, बायका कुठे आहेत या गोष्टीत? यंग मेन्स क्लब, मास्तर, मुलांची शाळा, कवी मुलगे. वॉलकॉटच्या आईचे दोनशे डॉलर तेवढे दिसले.

उधाणवारा

चाफेकळी, रोख अचूक आहे. पहिल्या तीस वर्षांच्या अंकांत पुरुषांचंच नाव जास्त दिसतं. कोंबरमिअर तेव्हा मुलांचीच शाळा होती, आणि लेखक त्या दारातून येत होते, त्याचा हा थेट परिणाम. उना मार्सनने लंडनमध्ये ते दार उघडलं तरी त्या काळच्या इतिहासात तिचं नाव कितीतरी वर्षं बाजूलाच राहिलं.

पुढे मात्र चित्र बदललं. १९९० च्या दशकात ‘बिम’ थांबलं. २००७ मध्ये ते ‘बिम : आर्ट्स फॉर द ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी’ या नावाने पुन्हा सुरू झालं. संपादक एस्थर फिलिप्स. त्या कवयित्री आहेत आणि २०१८ मध्ये बार्बाडोसच्या पहिल्या राजकवी झाल्या. पाठीशी उभे होते ऐंशीचे जॉर्ज लॅमिंग. मास्तरांच्या ग्रंथालयातला मुलगा म्हातारपणी त्याच अंकाच्या पुनर्जन्माला हातभार लावतो. लॅमिंग जून २०२२ मध्ये गेले.

चाफेकळी

पहिल्या राजकवी बाई, हे वाचून बरं वाटलं. त्यांच्या कविता शोधते.

जुनीदौत

पुढील लेखनाला शुभेच्छा. वाचताना सतत ‘सत्यकथा’ मासिक आणि त्याचे संपादक श्री. पु. भागवत डोळ्यांसमोर येत होते. लेखकाशी पत्रव्यवहार, हस्तलिखितावर बारीक काम, नव्या माणसाला ओळखण्याची नजर. आणि ‘अभिरुची’! १९४३ मध्ये बडोद्याहून निघालं, म्हणजे महाराष्ट्राबाहेरून, ‘बिम’नंतर काही महिन्यांतच. केंद्रापासून लांब बसून साहित्याची दिशा ठरवणं दोन्हीकडे सारखंच.

फरक मला एक जाणवला. ‘सत्यकथे’चा दबदबा होता, तिथे छापून येणं म्हणजे शिक्का बसणं. त्यातूनच पुढे लघुनियतकालिकवाल्यांचा राग उफाळला. ‘बिम’च्या वाट्याला असं बंड आलं का?

उधाणवारा

जुनीदौत, तसं अंक जाळण्यापर्यंत गेलेलं बंड ‘बिम’च्या वाट्याला आलं नाही. १९७० मध्ये ब्राथवेट आणि मंडळींनी ‘सवाकू’ नावाचं नवं नियतकालिक काढलं. बोली, रास्ताफारी (जमैकातला कृष्णवर्णीयांचा धर्मपंथ), कृष्णवर्णीय जाणिवा, हे सगळं त्यात जोरात आलं आणि त्यावर कॅरिबियन समीक्षेत कडाक्याचे वाद झाले. पण ब्राथवेट ‘बिम’वर थुंकून गेले नाहीत. कारण मला वाटतं असं की ‘बिम’ने दरवाजा कधी अडवलाच नव्हता. भागवतांची कठोरता मराठी कथेला घडवून गेली, ते ऋण मी मानतो. कॉलीमोरांची रीत निराळी. कच्चंही छापायचे. त्यामुळे जुने अंक चाळताना बरंचसं सामान्यही लागतं, हे सांगायला हवं. आज कोणाला आठवत नाहीत अशा लेखकांच्या कितीतरी कथा तिथे आहेत. पण दोन लाखांच्या वस्तीच्या बेटावर गाळणी फार बारीक लावली तर गाळून हाती काहीच लागत नाही. वाचक आणि लेखक दोन्ही तिथेच, त्याच अंकावर तयार व्हायचे होते.

शाळामास्तर_देवगड

मी देवगड तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. दरवर्षी मुलांचं हस्तलिखित काढतो. तुम्ही बोलीच्या शब्दसंग्रहाचं लिहिलंत ते मनात राहिलं. आमची मुलं घरी मालवणी बोलतात आणि वहीत पुस्तकी लिहितात. यंदा हस्तलिखितात दोन पानं मालवणी शब्दांसाठी ठेवणार, मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आणायचे. कॉलीमोर सरांनी तो संग्रह शाळेत असतानाच केला का?

उधाणवारा

हो मास्तर, नोकरीत असतानाच. आणि शब्द ‘बिम’मध्ये छापत गेल्यामुळे वाचकही नवे शब्द कळवत गेले, आवृत्त्या वाढत गेल्या. तुमची दोन पानं नक्की करा. शब्द कोणी सांगितला, कुठल्या वाडीचा, कशाच्या वेळी वापरतात, एवढं मुलांकडून शेजारी लिहून घ्या. पुढच्या वर्षी तीच पानं वाढवता येतील, आणि पाचेक वर्षांत चांगला संग्रह होईल. फोटो इथे टाका, वाट बघतो.

तांडेल

जुने अंक वाचायला मिळतात का कुठे?

उधाणवारा

‘डिजिटल लायब्ररी ऑफ द कॅरिबियन’ या संकेतस्थळावर जुने अंक स्कॅन करून ठेवलेत. सुरुवात करायची असेल तर चाळीसच्या दशकाच्या शेवटचे अंक बघा. आधी जाहिराती बघा, मग कथा. गावातली दुकानं, विमा कंपन्या, रम, सगळं तिथे भेटतं, आणि अंकाचा खर्च कोण उचलत होतं ते कळतं. मग १९४९ मधला वॉलकॉटवरचा लेख.

मिसिसागाकर

यातल्या दोन-तीन कथांचा मराठी अनुवाद इथे करता येईल का? मी तयार आहे.

उधाणवारा

लेखकांचे हक्क अजून शाबूत आहेत, त्यामुळे वारसांची किंवा प्रकाशकांची परवानगी घेतल्याशिवाय इथे टाकू नका. आधी निवड करू. मला सेल्व्हनपासून सुरुवात करावीशी वाटते, त्याच्या त्रिनिदादी इंग्रजीला मराठीत कुठली बोली द्यायची हे ठरवायला वेळ लागेल. शाळामास्तर, तुमची मदत लागेल.

शाळामास्तर_देवगड

सर, कधीही हाक मारा.

जुनीदौत

आणि ब्रिटिश गयानाच्या नियतकालिकावर वेगळा धागा काढाच. ‘काय-ओव्हर-ऑल’, ए. जे. सीमोर यांचं. ते ‘बिम’नंतर तीन वर्षांनी निघालं ना?

उधाणवारा

हो, डिसेंबर १९४५. पहिल्या टप्प्यात १९६१ पर्यंत चाललं, १९८४ मध्ये सीमोर आणि इयन मॅकडॉनल्ड यांनी पुन्हा सुरू केलं. पुढच्या महिन्यात त्यावर लिहितो. मार्टिन कार्टरच्या कवितांशिवाय तो लेख पुरा होणार नाही, त्या परत वाचायला काढल्या आहेत.